फ्लशची टाकी वाहतच राहते? आधी पेन्सिल घ्या, पाना नंतर

प्रश्न लातूरच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या घरी चार वर्षांपूर्वी बसवलेला कमोड आहे, मागे दोन बटणांची टाकी. फ्लश केल्यावर टाकी भरते, पण पाण्याचा आवाज थांबत नाही आणि भांड्यात मागच्या बाजूने बारीक धार सुरूच राहते. रात्री भरलेली गच्चीवरची हजार लिटरची टाकी सकाळी अर्ध्यावर आलेली असते. घरात वापर बोअरच्या पाण्याचा, नळाला पाणी आठवड्यातून एकदा. एका प्लंबरने पाहून सांगितलं की आख्खी टाकीच बदला. बदलावी का, की दुरुस्त होईल, एवढंच त्यांनी विचारलंय.

ताई, टाकी बदलू नका. मी पंचवीस वर्षं नळकाम करतोय, लातूर आणि औसा भागात. चिनी मातीची टाकी तडकली असेल तरच ती बदलावी लागते. वाहत राहणं हा टाकीचा दोष नसतो, तिच्या पोटातल्या दोन-तीन भागांचा असतो. त्यातलाही बराचसा त्रास भाग खराब झाल्यामुळे नसतो, त्यावर क्षार बसल्यामुळे असतो. धुतलं की तोच भाग पुन्हा चालतो.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे कोणी काहीही सांगितलं तरी तुम्हाला तपासता येईल. टाकीला दोन दारं असतात. एक पाणी आत येण्याचं. त्याला आपण बॉल कॉक म्हणतो, नव्या टाक्यांत तो गोळ्याऐवजी उभ्या नळीचा असतो. पाणी वर चढलं की गोळा किंवा तरंगणारा डबा उचलला जातो आणि पाणी बंद होतं. दुसरं दार तळाशी, पाणी भांड्यात सोडण्याचं. तिथे रबराचं गोल सील असतं, बटण दाबलं की ते उचललं जातं आणि पाणी गेलं की परत बसतं. या दोन दारांच्या जोडीला एक उघडी उभी नळी असते, ती ओव्हरफ्लो. वरचं दार बंद झालं नाही तर जादा पाणी या नळीतून भांड्यात जातं, फरशीवर सांडत नाही. फरशी कोरडी राहते म्हणून तर महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणजे तुमची धार बहुधा दोनपैकी एका कारणाची आहे. वरचं दार बंद होत नाही आणि पाणी ओव्हरफ्लोतून उतरतंय, किंवा तळाचं सील नीट बसत नाही, पाणी खाली झिरपतंय आणि ती तूट भरायला वरचं दार सारखं उघडतंय. आवाज दोन्हींचा सारखाच. याच ठिकाणी पैसे वाया जातात, कारण दोष तळाचा असताना बॉल कॉक बदलला जातो आणि धार तशीच राहते.

आता पेन्सिल. टाकीचं झाकण काढा. दोन बटणांच्या टाकीत बटणाभोवतीची रिंग उलटी फिरवली की बटण सुटतं, मग झाकण उचला. ते जमिनीवर गोणपाटावर ठेवा, चिनी मातीचं असतं, कडेवर टेकवून ठेवलेलं घसरून फुटतं. टाकी पूर्ण भरू द्या आणि पाणी ओव्हरफ्लो नळीच्या काठावरून आत पडतंय का बघा. पडत असेल तर वरचं दार दोषी, निम्मा निकाल तिथेच लागला. आता टाकीला पाणी देणारा भिंतीजवळचा छोटा नळ, म्हणजे अँगल कॉक, बंद करा, पाण्याच्या रेषेवर टाकीच्या आतल्या बाजूने पेन्सिलची खूण करा आणि अर्धा तास त्या संडासात कुणाला जाऊ देऊ नका.

परत येऊन बघाल तेव्हा पाणी काठाशीच थांबलेलं असेल, तर तळ ठीक आहे आणि काम वरच्या दाराचं आहे. पाणी खुणेखाली उतरून अजून उतरतच असेल, तर सील. आणि पाणी मधेच कुठेतरी उतरून थांबलं असेल, तर ज्या उंचीवर थांबलं तिथे ओव्हरफ्लोच्या नळीला चीर आहे. हा तिसरा प्रकार क्वचित दिसतो, पण दिसतो तेव्हा भल्याभल्यांना चकवतो. गळती फार बारीक असेल आणि खात्री होत नसेल, तर कपड्यांची नीळ चमचाभर टाकीत टाका. पंधरा मिनिटांत फ्लश न करता भांड्यात निळसर पाणी दिसलं की सील गळतंय.

अँगल कॉकबद्दल इथेच सांगतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान मी तिथेच झालेलं पाहिलंय. आपल्या पाण्यात चार वर्षं न फिरवलेला अँगल कॉक आतून क्षाराने जाम झालेला असतो. हाताने फिरला तर ठीक. फिरला नाही तर पान्याने जोर लावू नका. तो कॉक भिंतीतल्या निपलसकट, म्हणजे नळीच्या तुकड्यासकट, तुटतो, पाणी थांबवायला काहीच उरत नाही आणि टाइल फोडायची वेळ येते. अशा वेळी गच्चीवर जाऊन टाकीतून संडासाकडे येणाऱ्या लाइनचा कॉक बंद करा आणि अँगल कॉक प्लंबरकडून बदलून घ्या.

खुणेवरून गळतीही मोजता येते. टाकीची आतली लांबी ४० सेंटिमीटर आणि रुंदी १५ असेल, तर पाणी १ सेंटिमीटर उतरणं म्हणजे ६०० मिलिलिटर. दहा मिनिटांत एवढं उतरलं तर तासाला साडेतीन लिटरच्या वर, दिवसाला ८६ लिटर आणि महिन्याला जवळजवळ २,६०० लिटर. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर निम्मा. भांड्यात ही धार नीट दिसतसुद्धा नाही, फक्त एक ओली चकाकती रेघ दिसते. तुमच्याकडे रात्रीत अर्धी टाकी जाते म्हणजे गळती याच्या कितीतरी पट आहे.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आलं होतं. सगळं गाव त्या गाडीकडे डोळे लावून होतं. वर सांगितलेल्या बारीक गळतीच्या दोनशे टाक्या महिनाभरात एवढंच पाणी गटारात सोडतात. त्या उन्हाळ्यात मी एका म्हाताऱ्या जोडप्याकडे गेलो होतो. टँकरचं पाणी हौदात घेतलेलं, मोजून वापरायचे, तरी दर पहाटे वरची टाकी रिकामी. त्यांचा संशय वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीवर होता, बोलणं बंद झालं होतं. संडासाच्या टाकीचं झाकण काढलं तर बॉल कॉकचा गोळा तिरका होऊन टाकीच्या भिंतीला घासत होता, म्हणून पूर्ण उचलला जात नव्हता. दांडी जरा वळवली, पाच मिनिटांचं काम. आजींनी लगेच वरच्या बाईला हाक मारून खाली बोलावलं आणि हाताला धरून ते सगळं दाखवलं. तेव्हापासून कुठल्याही घरी गेलो, काम नळाचं असो की बेसिनचं, मी फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून बघतोच.

आता तळाचं सील. ताई, वर्णनावरून तुमचा दोष बहुधा हाच निघेल. पण सील काढण्याआधी बटणाच्या दांड्या बघा. दोन बटणांच्या खाली दोन बारीक दांड्या असतात, आट्यांच्या. त्या जास्त लांब ठेवल्या गेल्या की झाकण बसवताच बटण खालचा भाग किंचित दाबून धरतं आणि सील कधीच पूर्ण टेकत नाही. ओळखायला सोपं आहे. झाकण काढल्यावर धार थांबते आणि झाकण लावल्यावर सुरू होते. दांड्या थोड्या आत फिरवा, बटण दाबताना सुरुवातीचे दोन-तीन मिलिमीटर मोकळे जायला हवेत. बाथरूमची साफसफाई झाल्यावर किंवा कुणी झाकण काढून परत बसवल्यावर त्रास सुरू झाला असेल तर हमखास हेच.

दांड्या ठीक असतील तर अँगल कॉक बंद ठेवून फ्लश करा, टाकी रिकामी होऊ द्या. मधला उभा फ्लश व्हॉल्व्ह धरून उलट्या बाजूला पाव फेरा द्या, बहुतेक टाक्यांत तो खालच्या बैठकीतून सुटून वर येतो. सुटत नसेल तर ओढाओढ करू नका, बाजूची क्लिप शोधा. वर आला की त्याच्या तळाला रबराची गोल चकती दिसेल. तिच्यावर बोट फिरवा. गुळगुळीत लागली पाहिजे. खरखरीत लागली तर क्षार बसलाय, खाच लागली तर वाळूचा कण दबून राहिलाय.

आपल्या बोअरच्या पाण्याची ही गोष्टच वेगळी आहे. काळ्या पाषाणातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. इथल्या कित्येक बोअरचं पाणी किती जड आहे हे साबणाचा फेस होत नाही त्यावरून घरोघरी माहीत आहे. पाणी सुकतं तिथे पांढरा थर उरतो. गिझरमध्ये, शॉवरच्या छिद्रांत तो दिसतो. सीलच्या काठावर तोच थर केसाएवढा बसला तरी पुरतो, सील टेकतं पण बंद होत नाही.

चकती हलक्या हाताने काढा. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, त्याचे दोन चमचे तांब्याभर कोमट पाण्यात विरघळवा आणि चकती त्यात अर्धा तास ठेवा. तोवर टाकीच्या तळाची बैठक, जिथे चकती टेकते तो काठ, त्याच पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसत राहा. काठाला बोट लावून पूर्ण गोल फिरवा. बहुतेक लोक चकती बदलतात आणि काठ तसाच ठेवतात, मग पंधरा दिवसांत पुन्हा धार. तारेची घासणी किंवा पॉलिश पेपर काठावर अजिबात वापरू नका, प्लास्टिकला ओरखडा पडला की कुठलंच सील तिथे बसणार नाही. स्वच्छ झालेली चकती उलटी करून बसवली तर आणखी बरं, दुसरी बाजू नवी असते. कडक झाली असेल, दाबल्यावर परत फुगत नसेल, तर बदला. दुकानात जाताना जुनी चकती सोबत न्या. फोटोवरून किंवा अंदाजाने आणलेली एका सुतानेही चुकली तर बसत नाही, मापं कंपनीगणिक वेगळी असतात.

संडास साफ करायचं अॅसिड मात्र टाकीत ओतू नका. क्षार निघतो हे खरं, पण रबर आणि धातूचे बोल्टही खातं. टाकीत ब्लीचिंगची किंवा क्लोरीनची गोळी टाकायची सवय असेल तर ती सोडा, त्या पाण्यात रबर दिवसरात्र भिजत राहतं आणि ठिसूळ होतं. आणि अॅसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू होतो. बंद संडासात हा जीवघेणा खेळ आहे, मुलांनाही सांगून ठेवा.

तपासणीत वरचं दार दोषी निघालं, तर आधी उंची बघा. पाण्याची रेषा ओव्हरफ्लोच्या काठाच्या साधारण २ सेंटिमीटर खाली थांबायला हवी. जुना पितळी बॉल कॉक असेल तर गोळा काढून कानाशी हलवा, आत पाणी खळखळलं तर गोळा फुटलाय, नवा लावा. खळखळत नसेल तर दांडी दोन्ही हातांनी धरून किंचित खाली वाकवा, एका हाताने वाकवाल तर बॉल कॉकची मान तुटेल. तरीही थेंब थांबत नसतील तर पिन काढून दांडी सोडवा, आतला दट्ट्या बाहेर घ्या आणि त्याच्या तोंडाशी असलेला वायसर बघा. त्यावर गोल खळगा पडलेला असतो. जुन्या मिस्त्रींची रीत म्हणजे वायसर उलटा करून बसवायचा, काम चालतं, पण दहा-वीस रुपयांचा नवा वायसर टाकलेला उत्तम.

नव्या उभ्या व्हॉल्व्हमध्ये वायसरऐवजी पातळ रबरी पडदा असतो आणि तो वाळूच्या एका कणानेही अडतो. टँकर आल्यावर किंवा आठ दिवसांनी नळ आल्यावर टाकी वाहू लागली असेल, तर कण अडकलाय असंच समजा. अँगल कॉक बंद करा, व्हॉल्व्हची वरची टोपी पाव फेरा देऊन काढा, पडदा धुऊन बाजूला ठेवा. उघड्या तोंडावर एक पेला उपडा धरा आणि अँगल कॉक पाच-सात सेकंद उघडा. नळीतला कचरा पाण्यासोबत उडून बाहेर पडतो. पेला धरायला विसरलात तर फवारा छताला लागेल. पडदा परत लावा, टोपी बसवा. माझ्या हातून बदलायला निघालेले किती व्हॉल्व्ह एवढ्यावरच वाचलेत.

दाबाचाही विचार करा, याकडे कुणी बघत नाही. गच्चीची टाकी संडासाच्या चार-पाच फूटच वर असेल, म्हणजे एकमजली घर असेल, तर काही नवे पडद्याचे व्हॉल्व्ह त्या कमी दाबावर घट्ट बंदच होत नाहीत. काहींच्या तोंडाशी पाण्याचा वेग कमी करणारी छोटी चकती असते, ती अशा घरात काढायची असते. तिथे साधा दट्ट्याचा बॉल कॉक बरा. उलट चार मजली इमारतीत तळमजल्याला दहा-बारा मीटर उंचीचा दाब येतो, तिथले बॉल कॉक आधी थकतात. घरी प्रेशर पंप बसवल्यावर धार सुरू झाली असेल तर व्हॉल्व्ह बदलण्याआधी अँगल कॉक अर्धा मिटवून बघा.

बाजूला हँडल असलेली प्लास्टिकची टाकी वेगळी चालते. तिच्यात तळाला सील नसतं, सायफन असतो, म्हणजे पाणी ओढून खाली सोडणारी वाकडी नळी, म्हणून वाहत राहण्याचं कारण बहुधा पाण्याची पातळी जास्त असणं हेच असतं. फ्लश केल्यावर धार थांबतच नसेल आणि टाकीही भरत नसेल, तर पाणी इतक्या वेगाने आत येतंय की सायफनला मोडायला हवा मिळत नाही. अँगल कॉक थोडा मिटवा. भिंतीत गाडलेली टाकी असेल आणि कोणी टाइल फोडायला सांगितलं, तर थांबा. बटणाची पट्टी हाच तिचा दरवाजा असतो. पट्टी निघाली की आत स्वतंत्र कॉक असतो आणि सगळे भाग त्या खिडकीतूनच बाहेर येतात.

हे सगळं करून पुन्हा तीन महिन्यांत त्रास झाला तर दोष संडासात नाही, गच्चीवर आहे. हौदातला गाळ मोटर उचलून वर टाकते आणि वरची टाकी वर्षानुवर्षं धुतली जात नाही. ती दर सहा महिन्यांनी धुवा, आणि टाकीतून खाली येणाऱ्या लाइनवर जाळीचा गाळणी-कॉक बसवून घ्या. पाणी वाचवायला टाकीत वीट ठेवण्याचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका, वीट झिजून तिची भुकटी थेट सीलखाली जाते. पाण्याने भरलेली लिटरभराची बाटली ठेवा, फक्त ती गोळ्याला किंवा बटणाच्या यंत्राला लागायला नको.

तर ताई, उद्या सकाळी आधी बटणाच्या दांड्या, मग खूण, मग सील, याच क्रमाने जा. काम झाल्यावर झाकण लगेच लावू नका. रात्री झोपताना टाकी भरू द्या, अँगल कॉक बंद करा, रेषेवर ताजी खूण करा आणि झाकण बाजूलाच ठेवा. सकाळी पाणी खुणेवर असेल तर अँगल कॉक उघडा आणि झाकण लावा. झाकण लावल्यावर धार पुन्हा दिसली, तर दांड्या अजून अर्धा फेरा आत घ्यायच्या राहिल्यात.